तुळशीखालची माती

१५ जून, तेलीबाग

आलो बाई एकदाचे लखनौला. भोपाळहून निघालेला ट्रक काल पोचला आणि आज दुपारी माझं स्वयंपाकघर लागलंसुद्धा. विक्रमचं म्हणणं, उल्काला चहाचं पातेलं सापडलं की संसार मांडून झाला असं समजावं. तो उद्या अमौसीच्या विमानतळावर रुजू होईल. विमानांच्या देखभालीचं काम, पाळ्या बदलत्या, म्हणजे घर माझ्याच गळ्यात. माझी काही तक्रार नाही. रिकामं घर मांडायला मला मनापासून आवडतं.

घर दुमजली आहे. वर आम्ही आणि खाली मालकीणबाई. त्या चक्क मराठी निघाल्या. चंद्रप्रभाकाकू देव, मूळच्या वाईच्या. यजमान मधुसूदनराव इथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. काकूंचं मराठी ऐकायला गंमत वाटते. सब्जी, भैया, अच्छा हे सगळं त्यात येतं आणि मध्येच एखादं ठेवणीतलं 'इश्श' येतं. आमची मैत्रेयी सहा वर्षांची, तीही त्यातलीच. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. दोघींचं पहिल्याच दिवशी गूळपीठ जमलं.

ऊन मात्र बार्शीच्या उन्हाला शिकवणी लावेल असं आहे. प्रवासात आमच्या तुळशीचे फार हाल झाले. तान्ह्या मैत्रेयीला घेऊन मी बार्शीहून भोपाळला निघाले तेव्हा सासूबाईंनी ही कुंडी हातात दिली होती, घरच्या शेतातली काळी माती भरून. तेव्हापासून ती आमच्याबरोबर आहे. पाणी घातलंय, बघू.

१९ जून

काकूंची गच्ची आज निवांत पाहिली. चिंच, पिंपळ, डाळिंब, सगळी झाडं गुडघ्याएवढी, पसरट ट्रेमध्ये लावलेली. मी बांधावर वाढलेली पोर, मला हा प्रकार आधी पोरखेळ वाटला. मग कोपऱ्यातला वड दिसला. उंची जेमतेम हातभर, पण बुंधा, ढोली, पारंब्या, सगळं थोरल्या वडाचं. मधुसूदनरावांनी लावलेला आहे म्हणे. त्याच्यापुढे मी नकळत चप्पल काढली.

मग काकूंनी बोन्सायच्या मातीचा पाठ दिला. मी कृषीची पदवीधर, मातीबद्दल मला कुणी शिकवावं हे मला सोसत नाही, पण ऐकून घेतलं. त्यांच्या मिश्रणात माती जवळजवळ नसतेच. भट्टीतली वीट फोडून केलेली खडी, नदीची जाड वाळू आणि चिमूटभर कुजलेला पाला. सगळं चाळायचं आणि बारीक भुकटी फेकून द्यायची, कारण ती ट्रेची भोकं बुजवते आणि मुळं गुदमरतात. उरलेलं धुवायचं, कडक उन्हात वाळवायचं. इथपर्यंत शास्त्र ठीक होतं. पुढे त्या म्हणाल्या, बोन्सायची मिट्टी मरी हुई पाहिजे, समझीं? आगीतून निघालेली वीट कुणाची राहत नाही. जिवंत माती मात्र कुणाची ना कुणाची असतेच, आणि ट्रेमध्ये आली की ती आपल्या माणसाला ओढून आणते.

मी हसू दाबलं. झाडाला उपाशी ठेवून लहान राखायचं आणि वर तत्त्वज्ञान सांगायचं. पण म्हाताऱ्या माणसाशी कोण वाद घालणार.

२५ जून

तुळस गेली. लू लागली तिला, इथला भाजून काढणारा वारा. सासूबाईंना कळवायचा धीर होत नाही, सुनेच्या हाताला गुण नाही हे ऐकायची आज माझी तयारी नाही. वाळलेली काडी विक्रम गोमतीत सोडून आला. माती मात्र कुंडीत तशीच आहे. तुळशीची माती कचऱ्याच्या गाडीत कशी टाकायची? काळीभोर आहे, ओली करून मुठीत दाबली की बोटांचे ठसे उमटतात. इथे परमुलखात ती घरच्या माणसासारखी वाटते.

३० जून

आज वडाची माती बदलली. काकूंची बोटं संधिवाताने वाकली आहेत, म्हणून यंदा ते काम माझ्याकडे आलं. झाड ट्रेमधून उचललं, जुनी खडी धुतली, वाढलेली मुळं त्यांनी सांगितली तशी छाटली. उघडी मुळं पाहून मला गलबलून आलं. बिचाऱ्याने जन्मात मूठभर सकस माती पाहिलेली नव्हती. ऊन सोसेना म्हणून काकू खाली गेल्या, आणि मी तुळशीची सगळी माती आणून मुळांभोवती दाबून बसवली. वरून काकूंच्या खडीचा थर पसरला. बाहेरून कुणाला काही कळायचं नाही. तुळशीच्या मातीची विटंबनाही टळली आणि वडालाही घास मिळाला. मी स्वतःवर भलतीच खूश आहे.

मैत्रेयी शेजारी बसून बघत होती. मी झारीने पाणी घातलं तर तिने अंग चोरलं आणि म्हणाली, ठंडा है. तिच्या अंगावर एक थेंबही उडाला नव्हता.

१२ जुलै

वड असा फुटलाय की काकू रोज चष्मा पुसून बघतात. कोवळी तांबूस पानं, टोकाटोकाला नवे कोंब. त्यांना वाटतं हवा मानवली. मी गप्प राहून मनातल्या मनात कॉलर ताठ करते.

मैत्रेयीची शाळा सुरू झाली. गणवेश आपल्या रीतीप्रमाणे वाढत्या अंगाचा घेतला, खांद्यावरून उतरतो पण दिवाळीपर्यंत बसेल. जेवणाकडे मात्र तिचं लक्ष नाही. शाळेतून आली की दप्तर टाकते आणि गच्चीवर वडाजवळ जाऊन बसते. विचारलं तर म्हणते, अच्छा लगता है. नवी जागा आहे, रुळेल.

२० जुलै

काकूंनी वडाचे शेंडे खुडायला शिकवलं. कोंब नखात धरायचा आणि टचकन मोडायचा, म्हणजे झाड उंच न जाता दाट होतं. सकाळभर तेच केलं.

शाळेतून फोन आला, मैत्रेयीला पेन्सिल धरवत नाहीये. आणायला गेले तर दहाही बोटांची टोकं लालबुंद झालेली. बाईंना वाटलं दारात सापडली असतील. सगळी बोटं एकदम? हळद लावून निजवलंय. मला फार वाईट वाटतंय. नव्या शाळेत पोरं छळत तर नसतील?

२७ जुलै

आज मला भीती वाटली. लिहून काढते म्हणजे डोकं शांत होईल.

सकाळी काकूंनी वडाच्या एका फांदीला ॲल्युमिनियमची तार गुंडाळायला सांगितली. फांदी वर चालली होती, ती तारेने वाकवून खाली आणायची. मी वेटोळी घातली आणि फांदी दाबली. दुपारी मैत्रेयी घरी आली तर डावा हात अंगाशी लोंबत होता. उचलता येईना. फ्रॉकची बाही वर केली तर दंडापासून मनगटापर्यंत वळ, एकाखाली एक, वेटोळ्यांचे.

मी तिला विचारलं, कोणी बांधलं का, कोणी मारलं का. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाली, मम्मी, तार निकाल दो.

घरात तारेबद्दल मी कुणाशी बोललेच नव्हते.

२८ जुलै

पहाटेच गच्चीवर जाऊन तार कापली. नाश्त्याच्या वेळी मैत्रेयीने डाव्या हाताने दुधाचा पेला उचलला. वळ फिके झालेत.

विक्रमला सांगितलं. तो समजूतदारपणे म्हणाला की शाळेच्या बसमध्ये खिडकीच्या गजांत हात अडकला असेल, तू उगाच मनाचे खेळ करू नकोस. मी पण हेच म्हटलं असतं. शास्त्र शिकलेली बाई आहे मी.

तरी वडाला आता हात लावणार नाही. काकूंना सांगितलं, नवी फूट आहे, राहू द्या. त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

२ ऑगस्ट

सासूबाईंचा फोन आला होता. तुळस गेल्याचं शेवटी सांगून टाकलं. मला वाटलं बोलणी बसतील. बोलणी बसली नाहीत. मग त्यांनी विचारलं, माती कुठाय.

मैत्रेयीची नाळ बार्शीच्या शेतात पुरली, असंच मी आजवर समजत होते. घरात तसंच सांगितलं होतं. सासूबाई आज म्हणाल्या की त्या दिवसांत शेतात पाणी साचलं होतं, म्हणून नाळ त्यांनी तुळशीच्या कुंडीत पुरली. तुम्ही फिरस्ती माणसं, तुळस तुमच्याबरोबर फिरेल, पोरीची नाळही तिच्याबरोबर राहील, असा त्यांनी विचार केला. मला सांगितलं नाही, कारण मी शिकलेली, मी हसले असते.

हसले असते खरी.

काकूंचं ते वाक्य सारखं आठवतंय. जिवंत माती आपल्या माणसाला ओढून आणते. मी माझ्या हाताने माझी पोर त्या ट्रेमध्ये लावली.

९ ऑगस्ट

गणवेश खांद्यावरून आणखी उतरलाय. शाळेचे बूट जुलैत बरोबर बसले होते, आज तिच्या पायातून निसटून जिन्यात पडले. डॉक्टरांनी तपासलं. रक्त ठीक, वजन थोडं कमी, अशी मुलं असतात, टॉनिक द्या म्हणाले. उंची मोजताना त्यांनी पट्टी दोनदा लावली आणि भोपाळच्या कागदावरची नोंद चुकली असेल म्हणाले.

नोंद चुकलेली नाही. बोन्साय म्हणजे दुसरं काय असतं? झाड जिवंत राहतं, सुंदर दिसतं, फक्त वाढू द्यायचं नाही.

विक्रम उद्या हैदराबादला प्रशिक्षणाला चाललाय, सप्टेंबरात परतेल. मी त्याला थांब म्हटलं. त्याने मला जवळ घेतलं आणि सांगितलं की तुलाच विश्रांतीची गरज आहे. एवढा राग मला त्याचा कधी आला नव्हता.

१७ ऑगस्ट

पाऊस थांबत नाही. वडावर प्लॅस्टिक टाकलं, ट्रे आडोशाला नेला, काही उपयोग नाही. काळी माती एकदा पाणी प्यायली की सोडत नाही. हे मला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं, मी परीक्षेत लिहिलंही होतं. खडीचा थर बाजूला केला तर खाली चिखल, आणि त्याला वास. कुजल्याचा.

पानं पिवळी पडून गळतायत.

मैत्रेयीचे तळपाय पांढरे पडलेत, दिवसभर पाण्यात उभं राहिल्यासारखे सुरकुतलेले. पुसते, पावडर लावते, लोकरीचे मोजे घालते. तासाभरात मोजे ओले. ताप आहे. तिच्या चादरीला तोच वास येतो.

१९ ऑगस्ट

काकूंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या पायरीवर बसल्या आणि हळू आवाजात बोलू लागल्या.

मधुसूदनरावांनी हा वड पहिल्यांदा ट्रेमध्ये लावला तेव्हा हौसेने वाईच्या अंगणातली माती आणली होती. त्यांचा धाकटा भाऊ आत्माराम त्याच घरात जन्मला होता, त्याची नाळ त्या अंगणात होती. इथे वड फोफावला आणि तिकडे भाऊ अंथरुणाला खिळून वाळत गेला. काकूंच्या मनाने घेतलं की मातीत काहीतरी आहे. त्यांनी झाड उपसलं, मुळं नळाखाली धुतली, त्या मातीचा कणही राहू दिला नाही. संध्याकाळी वाईहून तार आली.

तेव्हापासून त्या भाजलेली वीट वापरतात. हे मला आधी स्पष्ट का नाही सांगितलं, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले. त्या म्हणाल्या, बेटा, सांगितलं होतं ना.

म्हणजे माती धुतली तर मैत्रेयी जाईल. नाही धुतली तर मुळं कुजतायत, तरी जाईल.

२१ ऑगस्ट

तिसरा मार्ग आहे. रात्रभर तिच्या उशाशी बसून सुचला. धुवायचं नाही, कापायचं नाही. मातीच्या गोळ्यासकट अख्खं झाड उचलून जमिनीत लावायचं. जमीन जादा पाणी खेचून घेईल, मुळांना मोकळी जागा मिळेल, झाड वाढेल. म्हणजे मैत्रेयीही वाढेल. बार्शीला न्यायला हवं होतं, पण एवढ्या तापात तिला रेल्वेत घालवेना, आणि धक्क्याने गोळा फुटला तर?

काकू डोळे तपासायला इंदिरा नगरला भाचीकडे गेल्यात, संध्याकाळी येतील. तोवर थांबवेना. मैत्रेयी हाकेला ओ देईना.

शेजारी भिंतीपलीकडे रिकामा प्लॉट आहे, कधीकाळी घर होतं, आता नुसता चौथरा आणि गवत. तिथली माती उकरून हातात घेतली. या खेपेला भावनेवर गेले नाही. मूठ वळली, गोळा झाला, अंगठ्याने दाबताच सुटला. छान पोयटा. खड्ड्यात बादली ओतून पाहिली, निचरा उत्तम. वास स्वच्छ. शिकलेलं सगळं वापरून निवडली मी ती माती.

वड लावला. चिखलाचा गोळा हलूसुद्धा दिला नाही. आता देवाच्या हाती.

२४ ऑगस्ट

ताप उतरला. पाय कोरडे, गुलाबी. सकाळी तिने स्वतः मागून दोन पराठे खाल्ले. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. वडाला नवा कोंब आलाय. विक्रमला व्हिडिओवर तिचं तोंड दाखवलं, तो म्हणाला, बघ, बरी झाली ना. झाली. झाली बरी माझी सोनी.

काकू मात्र घरी आल्यापासून त्या प्लॉटकडची खिडकी उघडत नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, माती घेण्याआधी ती कुणाची आहे हे विचारलंस का? मी म्हटलं, कुणाची का असेना, माझी मुलगी जगली.

२७ ऑगस्ट

गणपती बसवले. छोटीच मूर्ती, मोदक, काकू, मी आणि मैत्रेयी. आरती ती दोन वर्षांची असल्यापासून सगळ्यात मोठ्याने म्हणते, टाळ्या चुकवते, तरी थांबत नाही. आज हात जोडून शांत उभी राहिली. दुसऱ्यांच्या घरी पाहुणी आल्यासारखी. मी खुणावलं, म्हण ना. तिने शरमून मान खाली घातली.

तिला येत नव्हती आरती.

मोदक हातात घेऊन उलटसुलट करून बघितला, आणि विचारलं, ये क्या होता है?

३० ऑगस्ट

मला आंटी म्हणाली.

चुकून म्हणाली असेल, असं मी दिवसभर स्वतःला सांगितलं. संध्याकाळी जेवायला काय करू विचारलं तर तहरी मागितली, इकडचा मसालेभात. मी आयुष्यात तहरी केलेली नाही. भोपाळला नाही, इथे नाही. ती म्हणाली, अम्मा मटर डालके बनाती हैं.

मराठीत बोलले की ती तोंडाकडे बघत राहते. आधी कळायचं. उत्तर हिंदीत द्यायची, पण कळायचं. आता कळत नाही.

३१ ऑगस्ट

काकूंना धरून बसवलं आणि विचारलं. त्या प्लॉटवर घर होतं. आई आणि एकुलती एक मुलगी, बिट्टो. मैत्रेयीएवढीच. दिमागी बुखारात, म्हणजे मेंदूज्वरात गेली. पोरीची नाळ परसात होती, इकडेही गाडतात, काकू म्हणाल्या, इकडेही तसंच मानतात. आई मानायलाच तयार नव्हती. रोज दुपारी दारात उभी राहून जेवायला हाक मारायची. मरेपर्यंत. घर नंतर पडलं.

मी मैत्रेयीला आरशासमोर उभं केलं. तोच चेहरा. कपाळावरची तीच खूण, पाळण्यातून पडली त्याची. मग डोळे आपल्याकडे असे का बघतात? शेजाऱ्याच्या आईकडे बघावं तसे.

१ सप्टेंबर

उपटायला गेले. खुरपं मातीत घातलं, हळूच, गोळ्यापासून दूर. काळी माती कुठे संपते तेच कळेना. वडाची मुळं बाहेर पडून त्या पिवळ्या मातीत शिरलीत, बोटभर जाड झालीत. एवढ्या दिवसांत. एका मुळाला खुरप्याची धार लागली आणि वरून किंकाळी—

धावत गेले. टाचेवर चीर. रक्त.

तिला जवळ घेतलं तर ती माझ्या हातातून सुटायला धडपडत होती. अम्मा, अम्मा करत. मी इथेच आहे गं. मीच आहे.

३ सप्टेंबर

विक्रमला म्हटलं ये. तो येतोय, उद्या रात्री पोचेल. तोवर तिला घेऊन स्टेशनवर जायचं ठरवलं, बार्शीला, कसंही. रिक्षा कोपऱ्यावर वळली आणि तिचा श्वास अडकला. ओठ काळे. पाय लुळे. रिक्षा मागे फिरवली. दारात येताच उठून बसली, भिंतीपलीकडे बघून हसली—

नेता येत नाही. उपटता येत नाही. कापता येत नाही.

मीच लावली. निचरा बघितला, पोत बघितला. सगळं बघितलं.

४ सप्टेंबर

दुपार. दार आतून लावलंय. काकू खाली रामरक्षा म्हणतायत.

प्लॉटमध्ये बाई उभी आहे. वडाला हात लावून. फिकी साडी, डोक्यावर पदर. वड तिच्या खांद्याएवढा झालाय— कधी झाला— सकाळी तर—

हाक मारते. बिट्टो. मोठ्याने नाही. जेवायला बोलावतात तशी.

मैत्रेयी उठली. शहाण्या मुलीसारखी चप्पल शोधतेय. मी तिला मांडीत ओढून धरलंय. लिहितेय, कारण थांबले तर ओरडेन आणि ती घाबरेल. मला घाबरेल.

सांगितलं तिला. तुझं नाव मैत्रेयी. तू बार्शीची. मी तुझी आई. हिंदीतही सांगितलं. तुम्हारी माँ मैं हूँ. तिने माझे गाल पुसले. किती मायेने. म्हणाली, आंटी, रोइए मत, आपकी बेटी भी आ जाएगी.

हाक थांबली.

काकूंची रामरक्षा थांबली.

जिन्यात पावलं. सावकाश. कडी मी काढलेली नाही, मी इथेच आहे, तरी कडी—

मैत्रेयी माझी बोटं सोडवतेय. एकेक करून. जोराने नाही, समजुतीने, जशी मी तिची— घट्ट धरलंय, दोन्ही हातांनी धरायला हवं, पेन ठेवते, मैत्रेयी, बाळा, इकडे बघ, आईकडे ब—